'रिमांड' म्हणजे अटक नव्हे: कायद्याची भाषा आणि आमचा जामखेडचा रस्ता

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण ज्यांची कोर्टात तारीख चालू आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मागच्या वर्षी खर्ड्याकडचे एक आबा सकाळी सकाळी घरी आले. हातात मोबाईल, त्यात हायकोर्टाच्या निकालाची इंग्रजी प्रत. शेजारच्या पोराने त्यातला एकच शब्द ओळखला होता, 'रिमांडेड'. आबांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "वकीलसाहेब, पोराला पोलीस कधी न्यायला येणार?" रात्रभर घरात कुणी झोपलं नव्हतं. मी प्रत वाचली. जमिनीचा दावा होता, फौजदारीचा संबंधच नव्हता. हायकोर्टाने प्रकरण फेरसुनावणीसाठी नगरला परत पाठवलं होतं, एवढंच. म्हणजे बातमी आबांच्या बाजूची होती!

त्या दिवशी ठरवलं, ही भाषा नीट शिकायची. माझं बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीत, वकिली तालुका कोर्टात. एका परदेशी विद्यापीठाचा 'लीगल इंग्लिश'चा ऑनलाइन कोर्स घेतला. रात्री जेवणं झाली की मोबाईल घेऊन बसायचो. 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार, हे शाळेतलं पाठांतर. कायद्यात तो मोबदला. 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे दस्त. 'एक्झिक्यूशन' म्हणजे फाशीही, दस्त करून देणंही आणि आपली दरखास्तही. 'रिलीफ' म्हणजे आपण मागतो ती दाद. शब्द साधे दिसतात आणि दगा देतात.

आधी वाटायचं, आपण खेड्यातले म्हणून आपल्याला जड जातंय. मग इतिहास वाचायला लागलो आणि कळलं, की हे दुखणं खुद्द इंग्रजांचंही होतं. १०६६ ला नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कोर्टात फ्रेंच आली, दप्तर लॅटिनमध्ये गेलं. १३६२ ला कायदा करावा लागला, की दावे इंग्रजीत चालवा, कारण आपल्या बाजूने काय बोललं जातंय आणि विरोधात काय, हेच लोकांना कळत नाही. तरी लॅटिन दप्तर सुटायला १७३३ उजाडलं. 'विल अँड टेस्टामेंट' असे जोडशब्द आजही आहेत, त्यातला एक देशी इंग्रजी, दुसरा लॅटिनमधून आलेला. आपलंही तसंच की! 'कागदपत्र' बघा, कागद फारसीतून आणि पत्र संस्कृतातून. 'कोर्टकचेरी'तलं कोर्ट इंग्रजी. वकील, फिर्याद, मुदत, जामीन हे सगळे अरबी-फारसी वाटेने आलेले. राज्य बदललं, की कोर्टाच्या भाषेवर त्याचा थर चढतो.

हा थर बघायला आपल्याला लांब जायला नको. नगरहून जामखेडला येताना मध्ये कडा, आष्टी लागतं. तो बीड जिल्हा. याच तालुक्यातल्या खर्ड्याला १७९५ ला मराठे आणि निजाम लढले. पुढे जामखेड इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आलं आणि आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिली. इकडे तालुक्याचं काम मराठीत आणि वरचं इंग्रजीत. तिकडे १८८४ पासून फारसी जाऊन उर्दू आली. म्हणजे जामखेडचा माणूस खटल्यासाठी नगरला निघाला, की वाटेत कायद्याची भाषा दोनदा बदलायची. इकडचा वादी तिकडे 'मुद्दई' व्हायचा.

निजामाने १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ काढलं, उच्च शिक्षण उर्दूतून दिलं, पुस्तकांच्या भाषांतरासाठी वेगळं खातं उभारलं. सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झालं आणि पुढे ते कायद्याचं उर्दू बाजूला पडलं. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. कागद होते, वाचणारे नव्हते. भाषा गेली, की हक्काचा पुरावासुद्धा मुका होतो.

आज काय स्थिती आहे? १९९८ पासून महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे हायकोर्टाचं काम इंग्रजीत. आपला जिल्हा औरंगाबाद खंडपीठाकडे. जबाब मराठीत, साक्ष मराठीत, सातबारा मराठीत आणि शेवटचा निकाल इंग्रजीत. ज्याची जमीन, त्यालाच तो वाचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ ला 'सुवास' हे भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं, चांगलं केलं. पण 'रिमांड' म्हणजे इथे अटक नव्हे, हे आबांना समोर बसून सांगायला माणूसच लागतो.

कोर्सचा फायदा झाला, खोटं कशाला बोलू. पण तो आपल्यासाठी बनवलेला नव्हता. त्यात वादीला 'क्लेमंट' म्हणतात, कारण इंग्लंडने १९९९ ला सामान्य माणसाला कळावं म्हणून 'प्लेंटिफ' हा शब्द सोडला. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र तो अजून आहे. ज्यांची भाषा, त्यांनी ती सोपी केली, आणि आपण जुनीच जपून ठेवली. शिवाय फेरफार, वहिवाट, बांधाचा वाद यातलं त्यात काहीच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकवण्यासाठीच आहे. केंद्राचं 'स्वयम्' २०१७ पासून आहे. मराठीतून समजावून सांगणारा, आपल्या दस्तांची आणि निकालांची उदाहरणं घेणारा कायद्याच्या इंग्रजीचा कोर्स व्हायला हवा. तालुक्यातल्या ज्युनिअर वकिलांना, टंकलेखकांना, लॉ करणाऱ्या पोरीपोरांना तो परवडला पाहिजे.

तो होईपर्यंत मी एक गोष्ट सुरू केली आहे. इंग्रजी निकाल आला, की पक्षकाराला त्यासोबत एक पान मराठीत लिहून देतो: काय ठरलं, पुढे काय करायचं, किती दिवसांत. पहिलं पान आबांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं आणि म्हणाले, "आता झोप लागंल."

वकील मित्रांनो, एका पानाला अर्धा तास लागतो. बघा, जमलं तर.