पंख्याची दोरी

१६८९ साली इंग्लंडहून निघालेले एक जहाज पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई बंदरास लागले. त्यावर जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री होता. पुढे त्याने आपल्या प्रवासाचे जे वृत्त प्रसिद्ध केले त्यात मुंबईचे वर्णन आहे, आणि ते एखाद्या स्मशानाचे वाटावे असे आहे. त्या जहाजातून उतरलेल्यांपैकी बहुतेक उतारू पाऊस सरण्यापूर्वीच मातीआड झाले. दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, अशी एक म्हणच त्या काळी मुंबईच्या इंग्रजांत रूढ झाली होती. वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीच्या पदरात १६६८ साली पडलेले हे बेट आपल्याला परवडते की नाही, असा प्रश्न तेव्हाच्या इंग्रजाला पडला असल्यास नवल नव्हते.

थंड मुलखातून आलेला माणूस उष्ण आणि दमट मुलखात कसा रुळला, याचा इतिहास या म्हणीपासून सुरू होतो. परंतु या उन्हाळ्याचे स्वरूप प्रथम नीट ध्यानी घ्यावयास हवे. तापमापक पाहिला तर मुंबईचा वैशाख काही भयंकर नव्हे. नागपुरात दुपारी पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो; मुंबईत तो सहसा ३३-३४ अंशांवर थबकतो. आणि तरीही नागपूरकर मे महिन्यात मुंबईस आला की दोन दिवसांत हैराण होतो. कारण अंगाला गारवा घामाने येत नाही, घाम वाळल्याने येतो. समुद्राकाठची हवा आधीच पाण्याने भरलेली. तीत घाम वाळावयाचा कसा? तो नुसता निथळत राहतो, कपडे अंगाला चिकटतात, घामोळे उठते, आणि शरीराचा एवढा खटाटोप फुकट जातो.

निसर्गाने मात्र परक्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. नव्या उष्ण प्रदेशात रोज थोडेफार अंगमेहनतीचे काम करणाऱ्या निरोगी माणसाचे शरीर सुमारे दहा ते चौदा दिवसांत पुष्कळसे बदलते. घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, त्यातून जाणाऱ्या मिठाचे प्रमाण घटते, हृदयाची धडधड कमी होते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणींत मजूर उतरविण्यापूर्वी त्यांना या रीतीने उष्णतेची सवय करून देण्याची पद्धत विसाव्या शतकात पडली, ती याच ज्ञानावर.

मग दोन आठवड्यांत सरावणारी माणसे दोन पावसाळ्यांत मरत का होती? ती उन्हाने मरत नव्हती. हिवताप, हगवण आणि पटकी यांनी ती मरत होती. परंतु हे कळावयास दोनशे वर्षे लागली, आणि तोवर सारा दोष हवेच्या माथी मारला गेला. दलदलीतून उठणारी दूषित वाफ रोग आणते, असा पक्का समज होता. १८६३ साली हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याविषयी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात गोऱ्या सैनिकांचे मृत्युमान वर्षाला हजारी ६९ असे आढळले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या आकड्यांच्या आधारे गटारे, पिण्याचे पाणी आणि बराकींची दाटी यांकडे बोट दाखविले. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस दिसला तो त्याहूनही पुढे, १८९७ च्या ऑगस्टमध्ये.

हवा हाच शत्रू ठरल्यावर तिच्याशी झुंज घेण्याचे दोन मार्ग राहिले: येथील लोकांप्रमाणे राहावयाचे, नाही तर आपला गारवा बरोबर आणावयाचा. आरंभीच्या इंग्रजांनी पहिला मार्ग बराचसा पत्करला होता. घरात ते सैल झगा घालीत. वाण्यांच्या नावावरून त्याला इंग्रजीत जे नाव पडले, तेच फिरून आपल्याकडे बनियन होऊन आले. पायजमा त्यांनी उचलला, रोजचे स्नान उचलले. बंगला हे नाव तर बंगालचेच. गोव्याच्या घरांतील शिंपल्याची तावदाने पाहावी. उन्हाची तिरीप मऊ करून आत घेण्याची ती युक्ती पोर्तुगीजांच्या वस्तीतही चांगली रुजली. परंतु एकोणिसाव्या शतकात राज्य पक्के झाले तसा साहेब येथल्या रीतीपासून दूर सरकू लागला. उन्हाळ्यातही अंगाला लागून लोकरी फ्लॅनेल, पोटाभोवती पटकीपासून रक्षण करील या समजुतीने गुंडाळलेला लोकरी पट्टा आणि डोक्यावर भेंडाची टोपी, असा त्याचा थाट झाला. तो पट्टा गोऱ्या शिपायांना विसाव्या शतकापर्यंत दिला जात असे. पटकीचा जंतू पाण्यातून येतो हे कळल्यावरही तो सुटला नाही. अधिकृत समजुती अशाच चिवट असतात.

उत्तरेत त्याला एक उत्तम साधन मिळाले, वाळ्याची ताटी. दारात ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडत राहिले की बाहेरची लू आत सुगंधी झुळूक होऊन येते. दिल्ली, ग्वाल्हेर वा इंदूरच्या मराठी घरांना हे सांगावयास नको. पण मुंबई-कलकत्त्यास ही युक्ती लंगडी पडते. कारण घामाचे जे, तेच ताटीचे: दमट हवेत पाणी वाळतच नाही.

तेव्हा गारवा बाहेरून आणणे आले. थंडीच्या रात्री उथळ मातीच्या थाळ्यांत पाणी गोठवून बर्फ धरण्याची कला गंगेच्या खोऱ्यात जुनीच होती, पण तो बर्फ थोडा आणि गढूळ. १८३३ च्या मे महिन्यात बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचे ‘टस्कनी’ जहाज तेथील तळ्यांचा १८० टन बर्फ भरून निघाले. चार महिने प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडावयाचे! सप्टेंबरात ते कलकत्त्यास लागले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. पुढच्याच वर्षी मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ आला. जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि त्यापायी यजमान-पाहुण्यांना पडसे झाले, असे सांगतात. मद्रासेत बर्फासाठी बांधलेली इमारत आजही समुद्रकाठी उभी आहे. विवेकानंद १८९७ साली तेथे राहिले होते.

बर्फ आला तरी तो पेल्यापुरता. म्हणून ज्याला जमेल त्याने डोंगर गाठला. १८६४ पासून सिमला ही साऱ्या हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. मुंबईच्या गव्हर्नरांना महाबळेश्वर त्याच्या कितीतरी आधी सापडले होते. सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी बोलणे करून तेथे वसाहत घातली, तिला माल्कमपेठ असे नाव पडले. तेथल्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटे आणि भाजीपाला पिकवून साहेबाच्या टेबलाची सोय केली. एप्रिल-मे डोंगरावर, पावसाळा पुण्यास, हिवाळा मुंबईस, असे सरकारचे ऋतुचक्र बसले.

ज्या महाराजांनी ही थंड जागा दिली त्यांना मात्र कंपनीने १८३९ साली पदच्युत करून काशीस धाडले. सह्याद्रीच्या वाऱ्यात वाढलेल्या त्या पुरुषाने गंगाकाठची लू आठ उन्हाळे सोसली. १८४७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांची फिर्याद घेऊन गेलेले रंगो बापूजी लंडनच्या गारठ्यात एका तपाहून अधिक काळ दारोदार फिरले. हवापालटाच्या इतिहासात ही दोन नावे सहसा घेतली जात नाहीत.

डोंगर साहेबांचा; बाकीच्या गोऱ्यांना मैदानातच राहणे भाग होते, आणि त्यांची सारी भिस्त पंख्यावर. छतास टांगलेली, कापडाने मढविलेली ती लांब चौकट अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात प्रचारात आली. तिची दोरी भिंतीतील भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई, आणि तेथे एक माणूस ती ओढीत बसे. दिवसा ओढी, रात्रभर ओढी. दमट हवेतील घाम वाळविण्यास वारा हवा, आणि तो वारा दुसऱ्याच्या मनगटातून काढलेला असे. ओढणाऱ्याला स्वतःला वारा नव्हताच. उत्तररात्री त्याचा डोळा लागला, दोरी थांबली, की आतला मनुष्य घामाने भिजून जागा होई, आणि कित्येकदा बाहेर येऊन लाथ हाणी.

अशा माराने नोकर मेले. खटले उभे राहिले, आणि आरोपीच्या बचावाचे ठरीव साधन डॉक्टरी होते: मयताची प्लीहा हिवतापाने आधीच वाढलेली होती, ती फुटली, मार किरकोळच होता. ज्या रोगाने ओव्हिंग्टनच्या सोबत्यांचे बळी घेतले असावेत, तोच आता साहेबाचा साक्षीदार झाला. आग्ऱ्यास एका इंग्रज वकिलाने मारलेला मोतद्दार मेला तेव्हा दंड झाला तो तीस रुपये. १८७६ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर जाहीर ठपका ठेवला, तर गोऱ्यांची वृत्तपत्रे व्हाइसरॉयवरच उलटली. लॉर्ड कर्झन यांच्या अमदानीतही असे खटले चालूच होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शहरांत विजेचा पंखा आला आणि व्हरांड्यातला माणूस हळूहळू उठून गेला. तो कोणत्या गावचा, पुढे काय करू लागला, याची नोंद कोणी ठेवली नाही. जुन्या बंगल्यांच्या भिंतीत छताशी एक लहानसे भोक मात्र अजून कोठे कोठे दिसते, दोरीच्या घर्षणाने कडा गुळगुळीत झालेले.