तीक्ष्णदंती मासे आणि गळाचा टिकाऊपणा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नाशिकचा इतिहास लिहिताना तीर्थ, घाट, लेणी व बाजारपेठ यांचा विचार विस्ताराने होतो. गोदावरीवर उपजीविका करणाऱ्यांची साधने मात्र दुर्लक्षित राहतात. गळ हे असेच एक साधन होय. गोदाखोऱ्यातील मरळ व शिवडा हे शिकारी मासे असून त्यांचे दात तीक्ष्ण असतात. अशा माशांपुढे दोरी, गळ व आमिष कसे टिकवावे, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मानसोल्लासातील मत्स्यविनोद :
कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य व गळाने मासे धरण्याची रीत यांचे वर्णन येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तथापि हे वर्णन राजाच्या करमणुकीचे आहे. ज्याचे पोट गळावर अवलंबून होते, त्याचा अनुभव तेथे दुय्यम ठरतो.

दात आणि जबडा :
दातांची अडचण दुहेरी असते. मरळीसारखा मासा दोरी कापतो, तर महसीर गळ चुरडतो. महसीरच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या महसीरला 'खुद्री' हे शास्त्रीय नाव दिले. एच. एस. टॉमस यांनी 'द रॉड इन इंडिया' (१८७३) या ग्रंथात या माशाच्या चुरडण्याच्या शक्तीची चर्चा केली आहे.

उपायांचा विकास :
एकोणिसाव्या शतकात युरोपात रेशमी दोऱ्यावर बारीक धातूची तार गुंडाळून तो गळाजवळ जोडीत. परंतु वरची तार शाबूत दिसत असतानाच आतले रेशीम कुजत असे व ऐन वेळी दोरा तुटे. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी गंजरोधक पोलाद तयार केले. पुढे अशा पोलादाची तार वापरात आल्यावर ही अडचण बरीच दूर झाली. कोकण किनाऱ्यावर सुरमईसाठी गळ व दोरी यांच्यामध्ये तार जोडण्यामागेही हेच तत्त्व आहे.

लाकडी कृत्रिम आमिषात गळ केवळ स्क्रूने बसविल्यास लाकूड फुटताच तो निसटतो. म्हणून आमिषाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग तार ओवून गळ तिलाच अडकविण्याची पद्धत रूढ झाली. लाकूड चावून फुटले तरी गळ दोरीशी जोडलेला राहतो.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, साधनाचा टिकाऊपणा त्याच्या कठीण भागावर नव्हे, तर सर्वांत कच्च्या सांध्यावर ठरतो. दोरी तुटली तर मच्छीमाराचे नुकसान होतेच, शिवाय गळ तोंडात घेऊन मासाही निसटतो. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. राजाचा विनोद ग्रंथात उरला, इंग्रज अधिकाऱ्याचा छंदही छापला गेला. नदीकाठच्या मच्छीमाराचे ज्ञान मात्र त्याच्या हातातच राहिले. ते हात थकण्यापूर्वी त्याची मौखिक नोंद करणे, हे गोदाकाठच्या इतिहास अभ्यासकांचे कर्तव्य आहे.