जिरे
(सं. जीरक, अजाजी, हिं. जीरा, क. जीरिगे, लॅ. क्युमिनम सायमिनम, कुल–एपिएसी). धने, बडीशेप व ओवा यांच्याच कुलातील एक वर्षायू ओषधी व तिची मसाल्यात वापरली जाणारी सुकी फळे. व्यवहारात या फळांनाच बी म्हणतात. त्यांचा वास बाष्पनशील तेलामुळे येतो व क्युमिनाल्डिहाइड हा त्या तेलाचा प्रमुख घटक होय.

जिऱ्याचे मूलस्थान पूर्व भूमध्य सामुद्रिक प्रदेश व पश्चिम आशिया या पट्ट्यात असावे, असे मानतात. अक्कडियन भाषेत त्यास ‘कमूनु’ म्हणत. मेसोपोटेमियातील इ. स. पू. सु. १७०० च्या पाककृतींच्या मृत्तिकालेखांत त्याचा निर्देश आहे. हिब्रू ‘कम्मोन’, अरबी ‘कम्मून’ व ग्रीक ‘क्युमिनॉन’ ही त्याच नावाची रूपे होत. ग्रीक भाषेत कृपण माणसास ‘जिरे चिरणारा’ म्हणत. रोमन सम्राट अँटोनायनस पायस (कार. १३८–१६१) यालाही काटकसरीमुळे हे टोपणनाव मिळाले होते.

भारतात या परदेशी वनस्पतीस नाव मात्र स्वतंत्र मिळाले व तेही तिच्या गुणावरून. ‘जीरक’ म्हणजे अन्न जिरविणारे, अशी व्युत्पत्ती परंपरेने देतात. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारात साठवावयाच्या तिखट द्रव्यांत पिंपळी, मिरी व आले यांच्याबरोबर अजाजीचा उल्लेख आहे. आयुर्वेदात ते दीपक व पाचक मानले आहे. भावप्रकाश या सोळाव्या शतकातील ग्रंथात जिऱ्याचे तीन प्रकार दिले आहेत. तथापि शहाजिरे व कलौंजी या वेगळ्या वनस्पती असून कडू जिरे तर सूर्यफुलाच्या कुलातील आहे. त्यामुळे केवळ नावावरून एकाऐवजी दुसरे औषधात वापरणे योग्य नव्हे.

महाराष्ट्रात फोडणी, मसाले, ताक व मठ्ठा यांत जिरे लागते. उपवासाच्या पदार्थांत मोहरी व हळद सामान्यतः वर्ज्य असल्याने तुपात जिऱ्याची फोडणी देतात. साबुदाण्याच्या खिचडीतील मिरची, बटाटा व शेंगदाणा हे मूळचे अमेरिकेतील असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर (१४९८) भारतात आले. जिरे त्यापूर्वी हजारांहून अधिक वर्षे येथे रुळलेले होते.

जगात जिऱ्याचे सर्वाधिक उत्पादन भारतात होते. गुजरात व राजस्थान ही प्रमुख उत्पादक राज्ये असून गुजरातमधील उंझा ही मोठी बाजारपेठ आहे. या रबी पिकास थंड, कोरडी हवा मानवते. ढगाळ हवेत करपा व भुरी हे रोग बळावून पिकाचे मोठे नुकसान होते.