बॉइनकाठचा किरण

भग्नावशेष पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा मनात एक चित्र घेऊन निघतो : पडक्या भिंती, त्यांवर माजलेले गवत आणि भोवती निःशब्दता. डब्लिनच्या उत्तरेस, बॉइन नदीच्या काठी, न्यूग्रेंजला आम्ही पोहोचलो तेव्हा ह्या चित्राला धक्काच बसला. हिरव्या टेकाडावर पांढऱ्याशुभ्र गारगोट्यांची उभी भिंत उन्हात अशी झळकत होती, की ही वास्तू कालपरवाच बांधली असावी असे वाटले. आणि एका अर्थी ते खरेही होते.

न्यूग्रेंज हे इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास शेतकरी समाजाने उभारलेले समाधिस्थान होय. गिझाच्या थोरल्या पिरॅमिडहून ते सुमारे ६०० वर्षांनी जुने. धातूचे हत्यार ठाऊक नसलेल्या त्या लोकांनी सुमारे ८५ मीटर व्यासाचा प्रचंड ढीग रचला, पायथ्याशी ९७ शिळांचे कडे केले आणि आत जाण्यास १९ मीटर लांबीची अरुंद वाट ठेवली. वाटेच्या शेवटी, चुन्यावाचून एकावर एक शिळा पुढे सरकवीत रचलेले गाभाऱ्याचे छत आहे. ते आजही गळत नाही.

१६९९ साली दगड उचलणाऱ्या मजुरांना ह्या वाटेचे तोंड सापडले. पुढे १९६२ ते १९७५ पर्यंत प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनी येथे उत्खनन केले. पायथ्याशी पसरलेल्या गारगोट्या म्हणजे ढासळलेली भिंत, असे ठरवून ती काँक्रीटच्या आधाराने पुन्हा उभी करण्यात आली. हे सर्व पंडितांना मान्य नाही. त्या मुळातच जमिनीवर अंथरलेल्या असाव्यात, असे काहींचे मत आहे; शेजारच्या नाउथ येथे त्या तशाच ठेवल्या आहेत. तिसऱ्या डाउथच्या ढिगाला तर १८४७ साली खणणाऱ्यांनी मध्यभागी मोठा खड्डा पाडला, तो अजून तसाच आहे. तेव्हा अवशेष पाहताना 'हे किती जुने?' एवढेच विचारून भागत नाही. 'हे कोणाच्या हातचे?' हेही विचारावे लागते.

परंतु संशयालाही मर्यादा असावी, हे त्याच स्थळाने आम्हांस शिकविले. उगवत्या सूर्याचा किरण केव्हातरी गाभाऱ्यात शिरतो, असे आसपासचे लोक सांगत. ही समजूत स्टोनहेंजच्या ऐकीव माहितीतून आली असावी, असे ओ'केलींना प्रथम वाटले. पण दाराच्या वर एक चमत्कारिक झरोका सापडला होता. १९६७ च्या डिसेंबरात, वर्षातील सर्वांत लहान दिवशी, ते पहाटे आत जाऊन बसले. सूर्योदयानंतर अवघ्या चार मिनिटांनी त्या झरोक्यातून किरण आला आणि गाभाऱ्याच्या भुईवर पसरला. सतरा मिनिटांनी तो मावळला.

ही आठवण बांधणाऱ्यांच्या काळापासून अखंड चालत आली, असे म्हणण्यास आधार नाही. वाटेचे तोंड कित्येक शतके ढिगाऱ्याखाली बुजलेले होते. तथापि लोकांचे बोलणे खोटे नव्हते. ह्याच स्थळाविषयीच्या मध्ययुगीन आयरिश कथेत दाग्दा हा देव नऊ महिने एका दिवसात कोंबतो आणि नदीची देवता बोआन त्या एकाच दिवसात पुत्राला जन्म देते. काळ थोपवून धरण्याची कल्पना ह्या भूमीला नवी नाही.

आम्ही आत उभे असता वाटाड्याने दिवे मालविले. क्षणभर दाट काळोख. मग भुईवरून एक पिवळसर रेघ सरकत आली. तो विजेच्या दिव्याचा किरण होता. खरा किरण पाहण्याचे भाग्य डिसेंबरात सोडतीने निवडलेल्या थोड्यांनाच लाभते. तरीही कोणी बोलले नाही. बाहेरची शुभ्र भिंत कदाचित चुकली असेल. पण हा झरोका ज्याने योजिला, त्याने हिवाळ्याच्या ऐन काळोखात, आपल्या मृतांपर्यंत सूर्य पोहोचविला होता.