सपोर्टचं काम हलकं कसं?

पुण्याच्या हिंजवडी-खराडीत आयटीत नव्याने लागलेल्या मुलांना प्रोजेक्ट मिळाला की मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डेव्हलपमेंट की सपोर्ट? सपोर्ट म्हटलं की चेहरा पडतो. नवं लिहिणं हेच खरं काम आणि जुनं सांभाळणं ही हमाली, ही समजूत इतकी मुरली आहे की तिच्यापायी माणसं बरी चाललेली नोकरी सोडतात.

पूर्वपक्षाला पुरता न्याय दिला पाहिजे. दुसऱ्याच्या चुका निस्तराव्या लागतात, रात्री दोनला फोन येतो, नवं तंत्रज्ञान हाताला लागत नाही. अप्रेझलमध्ये नव्या फीचरचं कौतुक होतं. जे कधी बंदच पडलं नाही, त्याचं नाव कोणी घेत नाही. यातलं काहीच खोटं नाही. पण ही तक्रार पाळ्यांची, पगाराची आणि वरिष्ठांच्या नजरेची आहे. कामाला अक्कल कमी लागते, हे तिच्यातून सिद्ध होत नाही.

अक्कल किती लागते, ते युरोपच्या एरियान 5 रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दिसलं. 4 जून 1996 रोजी उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यावर सुमारे 40 सेकंदांत ते रॉकेट नष्ट झालं. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान 4 रॉकेटवरून घेतलेलं होतं. आडव्या वेगाशी निगडित असलेली 64 बिटांतली एक संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती आणि तिथे 32,767 च्या पुढे जागा नसते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा फार लवकर वाढत होता. संख्या मावली नाही आणि राखीव व मुख्य असे दोन्ही संगणक एकाच दोषाने बंद पडले. खरं तर उड्डाणानंतर एरियान 5 ला तो हिशोब लागतच नव्हता! चौकशी समितीला आढळलं की असा धोका असलेल्या सात संख्यांपैकी चारच सुरक्षित केल्या होत्या. प्रोसेसरवरचा भार आवरायचा होता आणि उरलेल्या तीन मर्यादेबाहेर जाणार नाहीत, असं ठरवलं गेलं होतं. जुन्या रॉकेटपुरतं ते बरोबरही होतं. त्या निर्णयाचं समर्थन मात्र कोडमध्ये कुठेच नोंदलेलं नव्हतं.

कोड शाबूत होता, हरवलं होतं त्यामागचं कारण. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 1985 सालीच मांडलं होतं की प्रोग्रामचा गाभा तो रचणाऱ्यांच्या समजेत असतो. ती माणसं पांगली की प्रोग्राम चालू राहतो, पण मेलेला असतो आणि नुसत्या कागदपत्रांवरून ती समज पुन्हा उभी करणं अशक्यच. सपोर्टवाला ती समज रोज पुन्हा उभी करू पाहतो, कागदांच्या जोडीला माणसांना विचारून. समजा, व्याजाच्या हिशोबात ‘अमुक तारखेआधीची खाती वगळा’ अशी अट सापडली. नवखा ती निरुपयोगी समजून उडवतो. जाणता आधी गिटमधल्या नोंदींतून जुना बदल काढतो, लॉग चाळतो, बँकेतल्या जुन्या अधिकाऱ्याला फोन लावतो आणि कळतं की त्या खात्यांची योजनाच वेगळी होती. ते उमगताना जो आनंद होतो, तो मला कोऱ्या फाईलवर कधी मिळालेला नाही.

आता कोड यंत्र लिहून देतं, तेव्हा सांभाळणाऱ्यांचीही गरज उरली नाही, असं म्हणणाऱ्यांचा हिशोब उलटा आहे. लिहिणं स्वस्त झालं की कारण कोणालाच ठाऊक नसलेला कोड वाढतो. अशा वेळी कंपन्यांनी अनुभवी माणसं सपोर्टला बसवावीत, त्यांना डेव्हलपमेंटइतकाच पगार द्यावा आणि फ्रेशरला पहिलं वर्ष त्यांच्याच शेजारी काढू द्यावं.