सुरतहून आखातात नोकरी: खान्देशी कुटुंबांनी काय तपासावं

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची हजारो कुटुंबं राहतात. पहिली पिढी ताप्ती व्हॅली रेल्वेनं लूम आणि प्रोसेस मिलमध्ये कामाला आली. आता घरातली पोरं दुबई, मस्कत, दोहाचं नाव काढतात. सुरतला हा रस्ता नवा नाही. मोगल काळात हज यात्रेकरू इथूनच जहाजात बसत, म्हणून सुरतला ‘मक्केचा दरवाजा’ म्हणत. फेब्रुवारी 2019 मध्ये सुरत-शारजा विमान सुरू झालं आणि डिसेंबर 2023 मध्ये विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

दहावी पास की नापास?
सगळा फरक इथून पडतो. दहावी नापास असलेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ शेरा येतो. असा पासपोर्टधारक संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, ओमान, कुवेत किंवा बहरीनला कामासाठी जाणार असेल, तर 1983 च्या कायद्यानुसार आधी सरकारी मंजुरी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवरून मिळते. दहावी पास, आयकर भरणारे आणि पन्नाशी ओलांडलेले यांना यातून सूट आहे.

एजंट आणि पैसा
नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासता येतो. लाखभर रुपये रोख मागणारा आणि ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देऊ’ म्हणणारा टाळावा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा आहे. पकडला गेला तर मजूरच अडकतो, एजंट नाही. गावाकडचं कर्ज मात्र तसंच राहतं.

कागद कुठल्या राज्याचा?
सीमेपलीकडून आलेल्यांची गाडी बऱ्याचदा इथं अडते. पासपोर्ट राहत्या पत्त्यावर, म्हणजे सुरतच्या कार्यालयातून निघतो. पण शिक्षणाच्या प्रमाणपत्राची राज्यस्तरीय साक्षांकन प्रक्रिया, ते ज्या राज्यात मिळालं तिथंच होते. धुळ्यात शिकलेल्याला त्यासाठी गांधीनगर उपयोगाचं नाही, महाराष्ट्रातच जावं लागतं. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. ओमान, बहरीन, सौदीला अपोस्टिल चालतं. अमिराती, कतार, कुवेतसाठी दूतावासाचा शिक्काही लागतो. दाखल्यावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नंतर, किंवा स्पेलिंग वेगळं, असं असेल तर ते आधीच जुळवून घ्यावं.

करारातला ‘बेसिक’
एकूण पगार बघून खूश होऊ नये. अमिरातीत किमान एक वर्ष नोकरी झाली की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांची ग्रॅच्युइटी मिळते, पण ती मूळ पगारावर. समजा दोघांचा पगार 1,500 दिरहम आहे. एकाचा बेसिक 900, दुसऱ्याचा 1,200. दोन वर्षांनी पहिल्याला 1,260 आणि दुसऱ्याला 1,680 दिरहम मिळतील. काम तेच, पगार तोच, फरक 420 दिरहमचा.

अमिरातीच्या कायद्यानुसार भरतीचा खर्च मजुराकडून वसूल करता येत नाही आणि मालकाला पासपोर्ट दाबून ठेवता येत नाही.

विमा, बँक, मदत
ईसीआर कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये अधिक कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास 10 लाखांचं संरक्षण. पॉलिसीत वारसाचं नाव बरोबर आहे ना, हे घरच्यांनी बघावं. बाहेर नोकरी लागल्यावर साधं बचत खातं ‘एनआरओ’ करून घ्यावं लागतं. कमाई पाठवायला ‘एनआरई’ खातं सोयीचं, कारण त्याच्या व्याजावर भारतात आयकर नाही.

पगार अडला किंवा माणसाशी संपर्क तुटला, तर घरचे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि एजंटच्या पावतीची एक-एक झेरॉक्स माणूस विमानात बसण्याआधी घरात हवी. बॅगेसोबत गेलेला करार घरच्यांच्या कामाला येत नाही.