तळघराचे दार कोणी उघडले?

फ्रान्सच्या पूर्व भागातील दिजों शहराहून दक्षिणेकडे निघाले की उजव्या हाताला एक बुटकी डोंगरधार सोबत करू लागते. तिचे नाव कोत द'ओर. पूर्वेकडे तोंड करून असलेल्या या सुमारे ५० किलोमीटरच्या उतारावर बर्गंडीची नामांकित वाईन तयार होते. मध्यावर बोन हे जुन्या तटबंदीचे गाव आहे. आसपासच्या खेड्यांत घरांच्या दारांवर 'चव आणि विक्री' अशा अर्थाच्या पाट्या दिसतात. आत दगडी पायऱ्या, खाली थंड तळघर, ओळीने मांडलेली लाकडी पिंपे. ज्याने द्राक्षे वाढवली तोच माणूस पिंपातून काचेच्या नळीने थोडी वाईन काढतो आणि पाहुण्याच्या पेल्यात ओततो. संध्याकाळी बोनच्या एखाद्या वाईन-बारमध्ये बसावे, तर यादीत गावाच्या नावाशेजारी शेतकऱ्याचे नाव छापलेले असते.

हे सारे पाहताना प्रवाशाला वाटते की ही शेकडो वर्षांची रीत असावी. वस्तुस्थिती निराळी आहे. तळघरे जुनी आहेत, मळे त्याहून जुने आहेत. पण शेतकऱ्याने स्वतःच्या नावाची बाटली स्वतःच्या दारात विकण्याची रूढी शंभर वर्षांचीही नाही. ती कशी पडली, हे समजून घेण्यासारखे आहे.

येथे प्रथम नाव मिळाले ते जमिनीला. १०९८ मध्ये सितो येथे मठ स्थापन झाला. तेथील सिस्टर्शियन साधूंनी व्हूजो येथे मळा उभा केला आणि त्याला दगडी भिंत घातली. कोणत्या तुकड्यातली द्राक्षे कशी निपजतात, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साचत गेले. अशा नाव असलेल्या तुकड्याला तेथे 'क्लिमा' म्हणतात. असे १२०० हून अधिक क्लिमा आज मोजले जातात आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठांची जमीन जप्त होऊन लिलावात निघाली. १८०४ च्या नागरी संहितेने सर्व मुलांना समान वाटा दिला. आपल्याकडील सातबाऱ्यावर नावे वाढत जातात, तसे तेथे घडले. व्हूजोचा भिंतीतला मळा १८८९ पर्यंत एकसंध राहिला. आज त्याच्या जेमतेम ५० हेक्टरांवर सुमारे ८० मालक आहेत. ज्याच्याकडे द्राक्षवेलींच्या चारदोन ओळी, त्याला बाटल्या, बुचे, वर्षानुवर्षांची साठवण आणि परदेशातली गिऱ्हाइके कोठून परवडणार? तो नवी वाईन पिंपांनी बोनच्या व्यापाऱ्याला विकून मोकळा होई. या व्यापाऱ्यांच्या पेढ्या अठराव्या शतकापासूनच्या. वाईन मुरवणे, मिसळणे, बाटलीत भरणे हे सारे त्यांच्या तळघरांत चाले. बाटलीवर नाव मळ्याचे आणि पेढीचे असे. शेतकऱ्याचे कोठेच नसे.

१८७८ मध्ये मोर्सो येथे फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड सापडली आणि मळे वाळू लागले. शेवटी अमेरिकी वेलींच्या मुळांवर कलमे बांधून मळे पुन्हा लावावे लागले. टंचाईच्या त्या काळात आणि नंतरही दक्षिण फ्रान्सची, अल्जीरियाची स्वस्त वाईन मिसळून ती बर्गंडीच्या नावाने विकण्याचा धंदा फोफावला. १९०५ मध्ये भेसळीविरुद्ध कायदा झाला. १९१९ च्या कायद्याने गावाच्या नावाचा हक्क न्यायालयात ठरवून घेण्याची सोय झाली. आता प्रश्न होता तो न्यायालयात जाणार कोण हा. ज्याच्याविरुद्ध दावा लावायचा, तोच आपला एकमेव गिऱ्हाईक होता.

काहींनी ते धाडस केले. व्होल्नेचे मार्की दांजेरव्हिल, न्युई-सें-जॉर्जचे आंरी गूज आणि जेव्हरे-शांबर्तेंचे आर्मां रूसो ही नावे त्यात पुढे येतात. खोट्या नावांविरुद्ध बोलल्यामुळे व्यापाऱ्यांनी दांजेरव्हिल यांची वाईन घेणे थांबवले, तेव्हा त्यांनी ती स्वतःच बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली. थोडक्यात, तळघराचे दार प्रथम उघडले ते आदरातिथ्यासाठी नव्हे. दुसरा मार्ग उरला नाही, म्हणून ते उघडले. १९२७ मध्ये वाईनविषयक नियतकालिक काढणाऱ्या रेमों बोद्वें यांनी अशा शेतकऱ्यांना पॅरिसची गिऱ्हाइके मिळवून दिली. १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठल्यावर तेथील आयातदारही थेट मळ्यांवर येऊ लागले. ३० जुलै १९३५ च्या हुकूमनाम्याने नाव, सीमा, द्राक्षाची जात आणि उत्पादनाची मर्यादा यांची सांगड घातली. आजची फ्रेंच नामांकनाची पद्धत ती हीच.

जे सोहळे आज 'पुरातन' म्हणून दाखवले जातात, त्यांतलेही बरेच याच काळातले आहेत. मोर्सोची सुगीअखेरची पंगत ज्यूल लाफों यांनी १९२३ मध्ये नव्याने सुरू केली. तीत पुढे एका लेखकाला शंभर बाटल्यांचे पारितोषिक देण्याची प्रथा पडली. मंदीत वाईन पडून राहिली, तेव्हा १९३४ मध्ये न्युई-सें-जॉर्जच्या एका तळघरात झगे, पदव्या आणि गाणी यांसह रसिकांचे मंडळ स्थापन झाले. विकत नाही, तर निदान मित्रांना बोलावून पाजू, असा त्यामागचा विचार सांगितला जातो. परंपरा कधी कधी अडचणीतून जन्मते, ती अशी.

तरीही बदल सावकाश झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरही कित्येक वर्षे बहुतेक शेतकरी पिंपांनीच विकत होते. आता चित्र पुन्हा पालटले आहे. कीर्ती वाढली तशा जमिनीच्या किमती वाढल्या, आणि वारसा-कर भरताना शेतकरी कुटुंबांची दमछाक होऊ लागली. २०१४ मध्ये 'क्लो दे लांब्रे' हा मळा चैनीच्या वस्तूंच्या एका बड्या उद्योगसमूहाकडे गेला, तर २०१७ मध्ये 'क्लो द तार' दुसऱ्या धनाढ्य घराण्याकडे. नामवंत शेतकऱ्याची वाईन आधीच विकली गेलेली असते. त्याच्याकडे पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नसतो. प्रवाशाला सहज खुली असतात ती बोनमधल्या मोठ्या पेढ्यांची तळघरे.

आपल्याकडे १९९९ मध्ये भौगोलिक निर्देशनाचा कायदा झाला आणि 'नाशिक व्हॅली वाईन' हे नाव त्याखाली नोंदले गेले. नावाला कायद्याचे कुंपण घालण्याची ही कल्पना बर्गंडीच्या वाटेनेच आलेली. नाशिकजवळ आज चवीच्या खोल्या गजबजलेल्या असतात. तेथे पुरवली जाणारी बरीच द्राक्षे करारावर पिकवलेली असतात, आणि पिकवणाऱ्याचे नाव बाटलीवर नसते. कायदा गावाच्या नावाचे रक्षण करतो, माणसाच्या नावाचे नाही. बर्गंडीतही ते दुसरे काम कायद्याने केले नव्हते. ज्यांचे गिऱ्हाईक तुटले, त्या शेतकऱ्यांनीच ते केले.